मोठ्या आतड्याचा आनुवंशिक कर्करोग : पूर्वकर्म नव्हे, कारण

एखाद्या घरात आजोबा चाळिशीत पोटाच्या दुखण्याने जातात, पुढे मुलगाही त्याच वयात तसाच जातो, आणि काही वर्षांनी नातवाच्या शौचावाटे रक्त पडू लागते. अशा वेळी आपल्या समाजात कारणे तयारच असतात. कोणी म्हणतो, घराण्याला शाप आहे. कोणी म्हणतो, मागच्या जन्मीचे फेडावे लागते. कोणी नव्याने घरात आलेल्या सुनेच्या पायगुणाकडे बोट दाखवतो. या तिन्ही उत्तरांत एक साम्य आहे : ती मान्य केल्यावर माणसाला करण्यासारखे काहीच उरत नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका दुखण्याचे खरे कारण कोणते, विज्ञानाने ते कसे शोधून काढले आणि ते कळल्यावर काय करता येते, हे माजी विद्यार्थी, पालक व धम्मबांधव-भगिनींपुढे ठेवण्याचा आमचा प्रयत्न आहे.

कर्म आणि आनुवंशिकता

तथागतांनी दुःख आहे एवढेच सांगून थांबणे पसंत केले नाही. दुःखाला कारण आहे, ते कारण दूर करता येते आणि त्याचा मार्ग आहे, असे त्यांनी शिकविले. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त तपासताना आनुवंशिकतेचा प्रश्न मुद्दाम पुढे आणला आहे. मूल आपले शरीर आई-बापांकडून घेते, हे विज्ञान सांगते. मग आई-बापांशी संबंध नसलेल्या कुठल्यातरी मागील जन्माचे कर्म त्याच्या वाट्याला येते, हे विज्ञानाशी जुळत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. ज्या वर्षांत ते तो लिहीत होते, त्याच वर्षांत, १९५३ साली, आनुवंशिकतेचा संदेश वाहणाऱ्या डीएनएची रचना उलगडली होती. आज आपण ज्याला जनुक म्हणतो, तो या डीएनएचाच एक भाग होय. आई-बापांकडून मुलाकडे जे येते, ते याच मार्गाने येते.

आतड्यातील अंकुर

मोठे आतडे सुमारे पाच फूट लांबीचे असते. त्याच्या आतील अस्तराच्या पेशी सतत झिजत असतात आणि दर चार-पाच दिवसांनी त्यांची जागा नव्या पेशी घेतात. इतकी भराभर वाढ जिथे चालते, तिथे ती थांबविणारी व्यवस्थाही लागते. या व्यवस्थेतील एक प्रमुख राखणदार म्हणजे एपीसी नावाचा जनुक. तो पाचव्या गुणसूत्रावर असतो. त्याच्या सांगण्यावरून पेशीत जे प्रथिन तयार होते, ते ‘बीटा-कॅटेनिन’ या दुसऱ्या एका प्रथिनाचा वेळच्या वेळी नाश घडवून आणते. बीटा-कॅटेनिन हे पेशीला ‘वाढत राहा’ असा निरोप देणारे प्रथिन आहे. एपीसी बिघडला की हा निरोप थांबत नाही, पेशी वाढत राहतात आणि आतड्याच्या आत मांसाचा लहान अंकुर उगवतो. वैद्यकात त्याला पॉलिप म्हणतात. सुरुवातीला तो निरुपद्रवी असतो. वर्षानुवर्षे तसाच राहिला, तर त्यात आणखी बिघाड साचत जातात आणि त्यातील एखाद्याचा कर्करोग होतो.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून आलेली. शेताला दोन राखणदार असावेत, तसे हे आहे. एक झोपला तरी दुसरा जागा असतो. परंतु ज्या मुलाला जन्मतःच एपीसीची एक बिघडलेली प्रत मिळते, त्याच्या प्रत्येक पेशीत पहिल्या दिवसापासून एकच राखणदार जागा असतो. आतड्यात असंख्य पेशी आहेत. त्यांपैकी ज्या ज्या पेशीत हा उरलेला राखणदारही निकामी होतो, तिथे तिथे अंकुर फुटतो. दोन आघातांची ही कल्पना आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ साली डोळ्याच्या एका कर्करोगाचा अभ्यास करून मांडली आणि ती इथेही लागू पडली.

या आनुवंशिक आजाराला ‘फॅमिलियल ॲडिनोमॅटस पॉलिपोसिस’, संक्षेपाने एफएपी, म्हणतात. यात साधारणपणे किशोरवयात अंकुर दिसू लागतात आणि पुढे त्यांची संख्या शेकड्यांत, कधी हजारांत जाते. उपचार न झाल्यास यांपैकी जवळजवळ प्रत्येक व्यक्तीस कर्करोग होतो आणि तो बहुधा चाळिशीच्या आसपास होतो. काही घराण्यांत याचा सौम्य प्रकारही आढळतो. त्यात अंकुर शंभरापेक्षा कमी असतात आणि कर्करोग उशिरा होतो. हा आजार विरळा आहे. सुमारे दहा हजारांत एकाला तो असतो, आणि मोठ्या आतड्याच्या एकूण कर्करोगांत त्याचा वाटा शंभरात एकाहूनही कमी आहे. तथापि या विरळ घराण्यांच्या अभ्यासाने सर्वांचे भले केले. ज्यांच्या घराण्यात हा आजार नाही, अशा सर्वसामान्य रुग्णांच्या आतड्यातील बहुसंख्य गाठींतही हाच एपीसी जनुक बिघडलेला सापडतो. फरक इतकाच की त्यांच्यात तो बिघाड जन्मतः आलेला नसतो, आयुष्यात पुढे केव्हातरी त्या पेशीत घडलेला असतो.

शिवणकाम करणाऱ्या स्त्रीचे म्हणणे

या शोधाचा इतिहास प्रयोगशाळेत सुरू होत नाही. तो घरातल्या माणसांच्या आठवणीत सुरू होतो. १८९५ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील विकृतिशास्त्रज्ञ आल्ड्रेड वॉर्थिन यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या एका स्त्रीने त्यांना सांगितले की, आपल्या घराण्यात इतके लोक पोटाच्या आणि गर्भाशयाच्या कर्करोगाने गेले आहेत की आपणही तशाच जाणार. वॉर्थिन यांनी तिचे बोलणे हसण्यावारी नेले नाही. त्यांनी तिच्या नातलगांची नोंद करावयास घेतली आणि १९१३ साली ती प्रसिद्ध केली. ती स्त्री पुढे कर्करोगानेच गेली. तिच्या घराण्यातील दोष एपीसीचा नव्हता. तो ‘लिंच सिंड्रोम’ या दुसऱ्या आनुवंशिक प्रकारचा होता आणि सुमारे शंभर वर्षांनी एमएसएच-२ नावाच्या जनुकात तो सापडला. श्रम करून पोट भरणाऱ्या एका स्त्रीने आपल्या घराण्याचे जे निरीक्षण केले होते, ते शास्त्राने शतकानंतर खरे ठरविले.

अंकुरांच्या आजाराची अशीच नोंद लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात १९२४ पासून ठेवली जाऊ लागली. लॉकहार्ट-ममरी, ड्यूक्स आणि बसी यांनी रुग्णांची घराणी पिढ्यानपिढ्या कागदावर उतरवली, त्यांच्या भावंडांना व मुलांना तपासणीस बोलावले आणि दुखणे सुरू होण्याआधीच अंकुर पकडता येतात हे दाखवून दिले. १९८६ साली हा आजार असलेल्या एका रुग्णाच्या पाचव्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला आढळला. १९८७ साली त्या जागेची निश्चिती झाली, आणि १९९१ साली बर्ट वोगेलस्टीन, युसुके नाकामुरा आणि रे व्हाइट यांच्या गटांनी प्रत्यक्ष एपीसी जनुक शोधून काढला. म्हणजे घराण्याची नोंद आधी झाली आणि जनुक तिच्यामागून जवळजवळ सत्तर वर्षांनी सापडला.

वारसा कसा चालतो

एपीसीचा दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडे असला, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा असो की मुलगी, फरक पडत नाही. थोरल्याला मिळाला म्हणून धाकट्याला मिळेलच किंवा सुटेलच, असेही नाही. प्रत्येक जन्माच्या वेळी ती शक्यता नव्याने निम्मी असते. ज्या अपत्याला दोष मिळाला नाही, त्याच्या पुढील पिढीत तो जात नाही. त्याच्यापुरती ती साखळी तिथेच तुटते. शिवाय दर चार रुग्णांपैकी सुमारे एकाच्या घराण्यात हा आजार पूर्वी कोणालाच नसतो. दोष त्याच्यातच प्रथम उत्पन्न झालेला असतो. अशा मुलाच्या आई-बापांना दोष देणे सर्वस्वी अन्यायाचे आहे.

याहून निराळा असा एक प्रकार एमयूटीवायएच नावाच्या जनुकाचा आहे. त्यात आई व वडील या दोघांकडूनही दोषयुक्त प्रत आली तरच आजार होतो, आणि त्या दोघांना स्वतःला सहसा अंकुरांचा हा आजार नसतो. आपल्याकडे मामाची मुलगी, आत्याचा मुलगा अशी नात्यातील लग्ने होतात. एकाच पूर्वजाकडून आलेला दोष अशा लग्नात दोन्हीकडून एकत्र येण्याचा संभव वाढतो. एपीसीच्या बाबतीत मात्र नात्यातील लग्नाने काही बिघडत नाही, कारण तिथे एकच प्रत पुरेशी असते.

इथे एका गोष्टीविषयी सावध राहणे आम्हांस अगत्याचे वाटते. जन्माने माणसाची किंमत ठरविणाऱ्या व्यवस्थेने आपल्या अनेक पिढ्या चिरडल्या. तेव्हा ‘आनुवंशिक’ हा शब्द कानी पडताच तो पुन्हा जन्माचाच शिक्का वाटू शकतो, आणि लग्नाच्या बैठकीत तो तसा वापरलाही जाऊ शकतो. परंतु जनुकाचा दोष जात पाहत नाही, धर्म पाहत नाही. एकाच आईची दोन लेकरे, एकाला तो मिळतो आणि दुसऱ्याला मिळत नाही. ज्याला मिळाला, त्याचेही भवितव्य त्याने ठरत नाही, कारण कारण कळल्यावर परिणाम बदलता येतो. जातीच्या सिद्धान्तात नेमकी हीच जागा नव्हती. म्हणून अशा घराण्याला वाळीत टाकणे म्हणजे विज्ञानाच्या नावाने जुनीच अस्पृश्यता पाळणे होय.

काय करता येते

शौचावाटे रक्त पडणे, शौचाची नेहमीची सवय बदलणे, कारण नसता रक्त कमी होत जाणे, वजन घटणे ही आतड्याच्या दुखण्याची चिन्हे आहेत. आपल्याकडे रक्त दिसले की ती मूळव्याधच समजली जाते आणि रस्त्यावरच्या पाटीवाल्याकडून औषध आणले जाते. बहुतेकांना खरोखर मूळव्याधच असते, हेही खरे. परंतु ते तपासल्याशिवाय कळत नाही. ही तपासणी म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण टाकून आतडे आतून पाहणे, जिला कोलोनोस्कोपी म्हणतात. एखाद-दुसरा अंकुर असेल, तर तो त्याच वेळी काढून तुकडा तपासणीला पाठवता येतो.

घराण्यात एफएपी असल्याचे निश्चित झाले, तर मुलांची तपासणी दहा-बारा वर्षांच्या वयापासून सुरू करावी लागते. हे वय आपल्या निवासी शाळेतील पाचवी-सहावीच्या लेकरांचे आहे. आधी आजारी व्यक्तीच्या रक्तातून जनुकातील नेमका दोष शोधतात; तो सापडला की तेवढाच दोष मुलांच्या रक्तात आहे का, हे पाहता येते. ज्याच्यात तो नाही, त्याची दुर्बिणीच्या तपासणीतून कायमची सुटका होते. ज्याच्यात आहे, त्याचे आतडे वर्षा-दोन वर्षांनी तपासतात आणि अंकुर फार वाढले की, बहुधा विशीच्या आसपास, मोठे आतडे शस्त्रक्रियेने काढून टाकतात. ऐकताना हे भयंकर वाटते. परंतु मोठ्या आतड्याशिवाय माणूस जगू शकतो. बहुतेकांत लहान आतडे खाली जोडून घेता येते, आणि पोटावर कायमची पिशवी लावावी लागत नाही. ती माणसे काम करतात, संसार करतात. पुढेही उरलेल्या भागाची व जठराच्या पुढील आतड्याची तपासणी आयुष्यभर करीत राहावी लागते, एवढे बंधन मात्र पाळावे लागते. लिंच सिंड्रोमच्या घराण्यात अंकुरांची गर्दी नसते, तरीही विशी-पंचविशीपासून दुर्बिणीची तपासणी सुचविली जाते, आणि स्त्रियांच्या बाबतीत गर्भाशयाकडेही लक्ष ठेवावे लागते.

गर्भाशयाचे नाव निघाले की बीड जिल्ह्याला एक जखम आठवते. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीपुढे ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या पाहणीतून जे आले, ते आपण विसरू शकत नाही. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. कर्करोग होईल अशी भीती घातल्यामुळे आपण शस्त्रक्रियेला तयार झालो, असे अनेकींनी सांगितले. तेव्हा आतडे काढण्याविषयी आम्ही वर लिहिले, ते वाचून एखाद्या भगिनीच्या मनात शंका येणे रास्तच आहे. या दोहोंतील फरक पुराव्याचा आहे. अवयव काढावयास सांगणाऱ्याला तीन प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे : कोणती तपासणी केली? तीत काय सापडले? त्याचा लेखी अहवाल कुठे आहे? एफएपीत अंकुर दुर्बिणीतून डोळ्यांना दिसतात, तुकड्याचा अहवाल येतो, जनुकाचा दोष कागदावर असतो. जिथे कागद नाही आणि केवळ भीती आहे, तिथून उठून दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

बार्शीचा धडा

बालाघाटाच्या दक्षिणेस, भूम-परांड्याच्या पलीकडे बार्शी आहे. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७ साली ग्रामीण भागातील देशातील पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील तीनशेहून अधिक गावे तिच्या कक्षेत आली. खेड्यातला रुग्ण रुग्णालयात येतच नाही, हे ओळखून कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांशी बोलले, लक्षणे समजावून सांगितली. काही वर्षांनी असे दिसून आले की, केवळ या जागृतीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात पोहोचू लागल्या. महागडे यंत्र आले नव्हते. गावात जाऊन केलेले बोलणे तेवढे आले होते. आपल्यासारख्याच कोरडवाहू मुलखातील हा अनुभव आहे.

शौचाविषयी बोलण्याची लाज हीच इथली खरी अडचण आहे. विनयपिटकात प्रसंग आहे की, पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी भंते आनंदांना पाणी आणावयास सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला स्वतःच्या हातांनी धुतले. ज्यांनी या शास्त्याला शरण जाण्याचा मार्ग पत्करला आहे, त्यांनी घरातल्या माणसाला ‘शौचाला रक्त पडते का?’ एवढे विचारण्यास संकोचू नये.

आरोग्याची वंशावळ

वंशावळ हा शब्द आपल्या समाजाला नवीन नाही. जात पडताळणी समितीपुढे दाखल करण्याकरिता आपण सर्वांनी ती काढली आहे. जुने दाखले, प्रवेश-निर्गम उतारे धुंडाळून पणजोबांपर्यंत पोहोचलो आहोत. इतिहास शिकविणाऱ्या आम्हांस तर वतनदारांनी आपल्या हक्कासाठी जपलेल्या वंशावळी परिचयाच्याच आहेत. आता त्याच कागदाला आरोग्याचा एक रकाना जोडावा, अशी आमची विनंती आहे. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : कोणते दुखणे झाले, कोणत्या वयात झाले, मृत्यू कशाने झाला.

यात एक दुरुस्ती मात्र अवश्य करावी. पडताळणीची वंशावळ बापाकडून चालते. तिच्यात सासरी गेलेल्या मुली, त्यांची लेकरे आणि आईचे माहेर येत नाही. जनुक मात्र आईकडूनही तितकाच येतो. म्हणून आत्या, मावशी, मामा, आजोळ या सर्वांची नावे या कागदावर हवीत. दोन किंवा अधिक जवळच्या नातलगांना आतड्याचा कर्करोग, एखाद्याला तो पन्नाशीच्या आत, एकाच घराण्यात आतड्याचा व गर्भाशयाचा कर्करोग, किंवा एकाच्याच आतड्यात दहा-वीस किंवा अधिक अंकुर, यांपैकी काही आढळले तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाई येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात व त्याच संस्थेच्या खारघर येथील ॲक्ट्रेक केंद्रात कर्करोगाच्या आनुवंशिकतेवर काम चालते आणि घराण्यांना सल्ला मिळतो. शस्त्रक्रिया व उपचारांच्या खर्चाकरिता महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे तिची चौकशी करावी.

लिंबागणेश परिसरातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यांच्या पट्ट्यात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या फिरस्तीत दवाखान्याचे कागद हरवतात, तपासणीच्या तारखा चुकतात, आणि आजोबा कशाने गेले हे सांगणारे वडीलधारेही एक दिवस जातात. त्या कुटुंबांची मुले मात्र वर्षभर या शाळेत असतात आणि त्यांना लिहिता-वाचता येते. येत्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने आजी-आजोबांजवळ बसून ही वंशावळ लिहून काढावी, आणि माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या घरी हेच करावे. एका वहीच्या दोन पानांचे हे काम आहे. ज्या घरात असा आजार नाही, तिथे ती पाने कोरडी राहतील, त्याचा आनंदच आहे. ज्या घरात तो आहे, तिथे त्या पानांमुळे एखादे बारा वर्षांचे लेकरू वेळेवर तपासले जाईल आणि आजोबांच्या वयाच्या पुढे जाईल.